थेंब बंद झाला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना गिझर आहे. न्हाणीघराच्या भिंतीवर, छताला डोकं टेकेल इतक्या उंचीवर मी टांगलेला असतो. बाहेरून पांढरा पत्रा, आत पोलादी टाकी. पोटात पाणी तापवणारी कॉइल आहे आणि पाणी पुरेसं तापलं की तिची वीज तोडणारा थर्मोस्टॅट. शिवाय टाकीऐवजी स्वतः गंजत राहणारा मॅग्नेशियमचा एक दांडा. माझ्या कपाळावर लाल दिवा आहे.

या घरात तो दिवा म्हणजे हुकूम. सकाळी आजी माझं बटण दाबतात. दिवा विझेपर्यंत कोणालाही आत सोडत नाहीत. विझला की हाक देतात, “चला, पाणी झालं.”

मी नवा होतो तेव्हा पाहुण्यांना मुद्दाम हात धुवायला आत पाठवत. पुढे माझी सवय झाली आणि मी कोणाच्या लक्षात राहिलो नाही. पाण्यातल्या क्षाराची पुटं कॉइलवर चढली आणि मी घुरघुरू लागलो.

“अहो, हा तुमच्यासारखाच घोरायला लागलाय,” आजी म्हणाल्या.

“मग त्यालाही कुशीवर वळव,” आजोबा म्हणाले. सगळे हसले आणि विषय तिथेच संपला.

दांडाही झिजून गेला. नळाला तांबूस पाणी येऊ लागलं. कधी पाणी अति तापायचं, मग माझा कटआउट पडायचा आणि वीज तुटायची. आजोबा स्टुलावर चढून त्याचं बटण पुन्हा दाबायचे आणि हात झटकून म्हणायचे, “झालं काम.” कटआउट का पडला, हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मग माझ्या सुरक्षा झडपेतून पाणी ठिबकू लागलं. मित्रांनो, पाणी तापलं की फुगतं. त्याचा वाढलेला दाब ही झडप थेंबाथेंबाने बाहेर सोडते. पण आजोबा हाडाचे घड्याळजी. उभा जन्म त्यांनी टिकटिक ऐकण्यात घालवलेला. “नीट तालात तरी पड,” असं ते त्या थेंबाला बजावत. एके दिवशी त्यांनी झडपेच्या तोंडात रबरी बूच ठोकलं आणि वरून तार आवळली. घड्याळजींचाच हात तो, तार जराही हलत नव्हती. थेंब बंद झाला. आजोबा त्या दिवशी फार खूश होते.

दुसऱ्या सकाळी माझा थर्मोस्टॅट चिकटला. वारंवार पडून थकलेला कटआउटही पडला नाही. पाणी नेहमीपेक्षा तापलं, तरी कॉइल पेटलेलीच. दिवाही लालच. बाहेर सूनबाई तान्ह्या चिमणीला खांद्यावर घेऊन तिच्या आंघोळीसाठी थांबल्या होत्या.

“आई, आज फार वेळ लागतोय.”

“दिवा विझू दे गं. लेकराला कोमट पाण्याने सर्दी होईल.”

ज्या दिव्याच्या विझण्याची त्या दोघी वाट पाहत होत्या, तो आता विझणारच नव्हता. माझी टाकी ताणली जात होती. सांधे करकरले. मला ओरडायचं होतं, पण माझं तोंड तर बुचाने बंद केलेलं.

चिमणी खांद्यावरच दूध ओकली. हात धुवायला म्हणून सूनबाई आत आल्या. त्यांनी थंड पाण्याचा नळ सोडला आणि झटकन हात मागे घेतला. माझं फुगलेलं पाणी उलटं झिरपून थंड नळीत शिरलं होतं. त्यांनी वर पाहिलं. बूच पाहिलं, तार पाहिली.

त्यांनी बाहेर येऊन माझं बटण बंद केलं. दिवा विझला.

“चला, पाणी झालं,” आजी सवयीने म्हणाल्या.

“नाही आई. कोणी आत जायचं नाही.”

आजोबा पक्कड घेऊन आलेच. “बूचच ना? आत्ता काढतो.” ते स्टुलावर चढले.

कोंडलेलं पाणी शंभर अंशांपुढे गेलं तरी पाणीच राहतं. दाब सुटला की त्यातलं बरंचसं क्षणात वाफ होतं. आजोबांचा चेहरा माझ्या झडपेच्या बरोबर समोर आला होता.

सूनबाईंनी चिमणीला आजींकडे दिलं आणि स्टूल घट्ट धरलं. “बाबा, खाली उतरा.”

“अगं, मी आयुष्यभर—”

“घड्याळ फुटलं तर काच लागते. हा फुटला तर भिंत येईल अंगावर. उतरा.”

पक्कड तारेपासून वीतभर दूर होती. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत घुमत होतो. ते उतरले.

सूनबाईंनी बोलावलेले मिस्त्री आले, तेही लगेच जवळ आले नाहीत. फ्यूज काढला, न्हाणीघराचं दार बाहेरून लावलं आणि चहा मागितला. “याला गार होऊ द्या. आपणही होऊ.” मी पूर्ण निवल्यावरच त्यांनी मला उघडलं. क्षार खरवडला. थर्मोस्टॅट, कटआउट, झडप, दांडा, सगळं नवं बसवलं. झडपेला नळी जोडून तिचं तोंड मोरीवर मोकळं सोडलं. बूच आजोबांच्या हातावर ठेवलं. आजोबांनी ते खूप वेळ मुठीत धरून ठेवलं.

मित्रांनो, आम्ही बोलू शकत नाही. म्हणून घुरघुरतो, गळतो, तांबूस होतो. आमचा कटआउट पुन्हा पुन्हा पडला, पाणी भलतंच कढत आलं, टाकी गळू लागली, तर वीज बंद करा आणि जाणकाराला बोलवा. आमचं तोंड मात्र बांधू नका.

आता सकाळी दिवा विझला तरी आजी हाक देत नाहीत. आजोबा मोरीपाशी खुर्ची टाकून, मान वाकडी करून कान देतात. टप्. जरा वेळाने पुन्हा, बेताल, टप्.

मग ते म्हणतात, “चला, पाणी झालं.”