तळाचा काळा

"ह्या जीपमधनं मेलेली म्हस नेली, तरी ती उठून शिव्या देल," किशोरी म्हणाली आणि बाजूला वळून पचकन थुंकली.

"गो, हळू बोल. मालक ऐकतोय," तिचा नवरा भिकू दातांतल्या दातांत म्हणाला.

"ऐकू दे की. त्याच्यासाठीच बोलतेय."

मालक म्हणजे काळा चष्मा लावलेला एक पोरगा. जीपच्या कपाळावर ओळीनं दिवे, मागच्या दारावर कवटीचं चित्र, आणि आत गाण्यांचं असं धूड बसवलेलं की पाय ठेवायला जागा नाही. चारी चाकं ओढणारी गाडी म्हणून श्रीवर्धनभर तिचं नाव. किशोरीनं ती सुरूच्या बनाखालच्या भुसभुशीत वाळूत घालायला लावली. पोरानं मोठ्या रुबाबात चारी चाकं जोडायचा छोटा दांडा ओढला. मागची चाकं गरगरली, गाडी पोटापर्यंत रुतली, आणि पुढची दोन चाकं लग्नातल्या पाहुण्यांसारखी नुसती उभी राहिली. भिकूनं आडवं होऊन खाली पाहिलं, तर पुढच्या चाकांना जोर पोचवणारा दांडाच जागेवर नव्हता.

"तो काढलाय," पोरगा म्हणाला. "त्यानं डिझेल कमी जातं."

"मग मागचापन काढ," किशोरी म्हणाली. "अजून कमी जाईल."

घरी येईस्तोवर तिची टकळी चालू होती. भिकूलाही गाडीची निकड ठाऊक होती. किशोरीचा बाप कोळ्याच्या घरात जन्मून घोड्यांच्या नादाला लागलेला. किनाऱ्यावर त्याचा टांगा होता. तो गेला आणि घोड्या लेकीकडं आल्या. भिकूच्या होडीला अलीकडं मासळी कमीच, घर चालायचं ते घोड्यांवर. शनिवार-रविवार पर्यटकांची पोरं पाठीवर, आणि लग्नसराईत नवरदेव. म्हसळ्याला, तळ्याला, कुठं कुठं बोलावणं यायचं.

गेल्या साली अशाच एका लग्नाला भाड्याच्या टेम्पोतून लाडी घोडी निघाली होती. घाटाच्या वळणावर ड्रायव्हरनं कानाचा फोन न काढता कचकन ब्रेक मारला. लाडी पडली ती पुढचा पाय मोडूनच. डॉक्टर आला, सुई दिली, लाडी संपली. नवरदेव कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून मांडवात गेला, आणि वरात तशीच नाचली. किशोरी रस्त्याच्या कडेला लाडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तिथपर्यंत त्या नाचाचा आवाज येत होता. त्या दिवसापासून लोकांची तिला शिसारीच आली, ती गेली नाही.

आता मैना आणि चिंगी एवढ्या दोघी उरल्या. त्यांच्यासाठी तिनं बसकी, छपराची ट्रॉली बांधून घेतली. मधे आडवी फळी, खाली रबर, बाजूंना काथ्याच्या गाद्या. फक्त ती ओढायला गाडी हवी होती. वाळूत रुतणार नाही आणि घाटात मागं येणार नाही अशी. तळा गावातलं लग्न तोंडावर आलं होतं. डांबरी रस्त्यानं इतकं चालवलं की चिंगीचे पाय सुजतात, हे किशोरीला माहीत होतं, आणि टेम्पोचं नाव काढायची घरात कुणाची छाती नव्हती.

मग धर्माजी आला. धर्माजी म्हणजे गावचा दलाल. जमीन, गाडी, सोयरीक, जे विकलं जाईल ते विकणारा. तोंडात सुपारी आणि सुपारीच्या मागं खोटं.

"वयनी, दिघीला एक गाडी आलीय. बघशील तर जेवन इसरशील."

दिघीच्या जेटीवर ती गाडी उभी होती, नुकतीच बोटीतून उतरलेली. दार उघडलं तसा आतून अत्तराचा असा भपका आला की भिकूला ठसका लागला. किशोरीनं नाकाला पदर लावला. एवढं अत्तर माणूस कशाला मारतो, ते मासळी विकणारीला सांगावं लागत नाही. तिनं सीटचा पट्टा धरला आणि संपेस्तोवर खेचला. शेवटचा हातभर पट्टा वाळलेल्या चिखलानं कडक झाला होता.

"भावजी, ही पुरात बुडलेली हाय."

"गाडी पुरात न्हाय गेली, वयनी," धर्माजी शांतपणे म्हणाला. "पूर गाडीत आला. त्यात गाडीची काय चूक?"

किशोरीनं त्याच्याकडं बघितलं. पायाखाली काही मऊ लागल्यावर माणूस खाली बघतो ना, तसं. "उद्या तू आयशीलापन इकशील," ती म्हणाली, "आनि वर सांगशील, एकाच हातची हाय." धर्माजी हसला. त्याला राग येत नसे, हेच त्याचं भांडवल होतं.

तिसरी गाडी विश्वंभरकाकांची. काकांची सुपारीची मोठी वाडी. पूर्वी शाळेत हेडमास्तर होते, त्यामुळं सगळा गाव त्यांच्यापुढं मान खाली घालायचा. ओटीवर बसवून त्यांनी कोकमाचं सरबत दिलं.

"किशोरी, तुझ्या वडिलांना मी ओळखत होतो. तुला फसवून मला कुठं जायचंय? ही गाडी वाडीतून बाजारात आणि बाजारातून वाडीत, एवढंच फिरलीय. माझ्या शब्दावर घे."

गाडी होतीही साधी. ना दिवे, ना चित्रं. दांडा ओढला तशी चारी चाकं माती उकरायला लागली. भिकू खाली शिरला, आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

"गो, ये. बघ तरी."

किशोरी पदर खोचून आत सरकली. गाडीचा सगळा तळ काळ्याभोर लेपानं तुकतुकत होता. कुठं गंजाचा ठिपका नाही. तिनं हात फिरवला, बोटाला काळा लागला. तिनं वास घेतला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा जीव भांड्यात पडला.

कोळीवाड्यात होडी घ्यायची तर आधी तळ बघतात. साल झालं की होडी वर ओढायची, खरवडायची आणि तळाला काळा, म्हणजे डांबर, फासायचा. ज्याच्या होडीचा काळा ताजा, तो माणूस जपणारा. मुलगी द्यायच्या घरीसुद्धा म्हातारे आधी होडीखाली वाकून यायचे. दोघं नवरा-बायको त्या तुकतुकीत तळाखाली पाठीवर पडून एकमेकांकडं बघत होते, आणि दोघांच्याही मनात एकच. माणूस चांगला आहे.

आता, होडीचा तळ आधी खरवडतात, मग काळा लावतात, आणि तेही चारचौघांच्या डोळ्यांदेखत. ह्या गाडीचा तळ खरवडलेला कुणी बघितला होता? ते दोघांच्याही डोक्यात आलं नाही. कवटीच्या चित्रावर थुंकणारी, अत्तरावरून पूर ओळखणारी किशोरी इथं डोळे उघडे ठेवून फसली.

तरी बाहेर येऊन ती म्हणाली, "काका, गाडी पसंत हाय. पन आधी ट्रॉलीत वाळू भरून ओढायची. मग घोड्या."

भिकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांचा चेहरा उतरला. "माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"तुमच्या शब्दावर हाय ओ काका. घोड्या शब्दावर न्हाय चढत."

वेल्डरकडून तिनं स्वतःचा हूक आणून गाडीच्या मागं बसवून घेतला. सुकतीला पाणी लांब गेलं, तशी ओल्या वाळूची पोती ट्रॉलीत रचली, दोन घोड्यांच्या वजनाला थोडी वरच. होड्या वर घ्यायला किनाऱ्यावरून रस्त्याला सिमेंटचा उतार केलेला आहे, खाली दोन्ही अंगांना काळे खडक. भिकू गाडीवर बसला. धर्माजी सावलीला उभा राहून हसत होता. बघायला आलेल्या बाया म्हणत होत्या, आता वाळूची वरात निघाली.

गाडी वाळूतून अगदी झोकात निघाली. उतार चढायला लागली. किशोरी ट्रॉलीच्या बाजूनं चालत होती, हात कडेच्या फळीवर. आत घोडी असली की असाच ठेवायची, तिला धीर यावा म्हणून. अर्ध्या उतारावर कडकन आवाज झाला. हूक सुटला नाही, तो गाडीचं हाडच घेऊन बाहेर आला. फळी हाताखालून निसटली, तशी किशोरी बाजूला पडली. ट्रॉली मागच्या मागं घरंगळत गेली, उताराच्या कडेवरून घसरली आणि खडकावर आडवी झाली. मधली फळी मोडली. पोती एकावर एक फुटली.

ज्या अंगाची पोती खाली चेंगरली, ती मैनाची बाजू. किशोरी उठून तिथवर गेली, बघितलं, आणि खडकाला हात टेकून ओकली.

भिकू तो तुटलेला तुकडा घेऊन आला. वरून काळा तसाच तुकतुकीत. आत लोखंड नव्हतंच, शिळ्या पापडासारखे पापुद्रे होते. भिकूनं दोन बोटांनी एक मोडला. गाडीच्या मोकळ्या भोकातून बारीक वाळू गळत होती, त्यात सुकलेलं शेवाळ.

"ही वाडीतली वाळू न्हाय," भिकू म्हणाला.

"वाडीतली कशी असंल?" किनाऱ्यावर मासे तळून विकणारी शकू म्हणाली. "काकांचा पुतन्या सलिल, त्याच्या पर्यटकांच्या बोटी हीच ओढायची ना. पार दिवे बुडेस्तोवर दर्यात घालायचा."

"मग काल का न्हाय बोललीस?" किशोरीनं विचारलं.

"मना कोनी इचारलं?"

किशोरीनं शकूकडं पाठ केली. ह्या माणसांपेक्षा काळ्याखालचं लोखंड बरं, असं तिला त्या क्षणी वाटलं.

काका आले. स्वच्छ धोतर, हातात छत्री. त्यांनी आधी गाडी बघितली, मग ट्रॉली, आणि किशोरीचं सोललेलं कोपर शेवटी.

"घोड्यांसाठी म्हणून नेलीत आणि वाळू भरलीत. हे नुकसान कुणाचं?"

"काका, त्यात मैना असती."

"नव्हती ना? मग जे घडलं नाही ते कशाला बोलतेस? आणि काळा मी गंज झाकायला फासला असता तर तुम्हाला खाली वाकू दिलं असतं का?"

असं बोलून त्यांनी रुमालानं बोटं पुसली. किशोरीला वाटलं, धर्माजी बरा, तो खोटं बोलताना निदान सुपारी चघळतो. "हूक माझा हाय," एवढंच ती म्हणाली, आणि हुकासकट तो तुकडा उचलून घरी आली.

तळ्याच्या लग्नाला ती घोड्या चालवतच घेऊन गेली. भिकू बरोबर होता. उन्हाआधी निघायचं, झाड दिसलं की थांबायचं, चिंगीच्या पायांना ओलं फडकं गुंडाळायचं. म्हसळ्याच्या अलीकडं मुक्काम केला. मांडवात नवऱ्याचा मामा म्हणाला, घोडीच्या पायांना धूळ कसली, फोटोत दिसते. किशोरीनं आपल्या पदरानं मैनाचे पाय पुसले आणि मामाकडं ढुंकूनही बघितलं नाही.

परत आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धर्माजी दारात. जसं काही झालंच नाही.

"वयनी, तो तुकडा दे जरा."

"कशाला?"

"वेल्डर म्हनतो, जुना तुकडा असला की जोड बेमालूम बसंल. वरून काळा मारला की झाला. मागं हूक लागनारच न्हाय ह्या येळंला, ओढायचं काम न्हाय त्यांना."

"कोनाला?"

"शाळा हाय एक, म्हसळ्याकडं. डोंगरातनं पोरं आनायला-न्यायला गाडी पायजे त्यांना. गुरुजी बसलेत काकांच्या ओटीवर."

हे तो सुपारी कातरता कातरता म्हणाला. जाळं सांधत बसलेल्या भिकूचा हात थांबला. किशोरी धर्माजीला काहीतरी मोठं बोलेल असं वाटलं होतं. पण ती आत गेली, तुकडा मासळीच्या पाटीत घातला, चुंबळ ठेवून पाटी डोक्यावर घेतली.

"दे हिकडं, जड असंल," धर्माजी पुढं झाला.

"असू दे. मीच आनते."

"वयनी, अगो उन्हाची कशाला..." पण ती अंगणाबाहेर पडली होती. भिकूनं जाळं बाजूला टाकलं आणि तिच्या मागं निघाला. धर्माजी तिथंच राहिला.

ओटीवर गुरुजी होते, साधा माणूस, हातात सरबताचा पेला. काकांनी पाटी बघितली आणि घाईनं उठले. "ये किशोरी, बस. सरबत घेणार?"

"नको." तिनं पाटी गुरुजींच्या पायाशी उतरवली. "गुरुजी, ह्यात हूक माझा हाय. त्याला चिकटलेला तुकडा गाडीचा. तेवढा तोडून माझा हूक मना द्या."

"तोडून?" गुरुजी गोंधळले. "त्याला काही हत्यार लागेल ना?"

"हातात घेऊन तर बघा."

गुरुजींनी पेला खाली ठेवला. तुकडा धरला, अंगठ्यानं दाबला, आणि काळ्या लेपाखाली अंगठा सरळ आत गेला.  मग हातानंच मोडून मोडून त्यांनी सगळा तुकडा काकांच्या सारवलेल्या ओटीवर पाडला, आणि हूक झटकून तिच्या पाटीत ठेवला.