रडका गडगा

मित्रांनो, मी एक जुना गडगा आहे. गडगा म्हणजे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची भिंत. हे घाटावरच्या मुलांसाठी सांगतो. आमच्याकडची मुले माझ्यावर चढूनच मोठी होतात. गोव्यात डिचोलीजवळच्या एका वाड्यावर, सुमंगलाच्या घरामागे मी उभा आहे. गावात मला 'रडको' म्हणतात. म्हणोत बापडे! मी रडतो हे खरेच आहे. रडतो म्हणूनच उभा आहे, आणि तेच आज तुम्हाला ठणकावून सांगायचे आहे.

माझा जन्म चिरेखणीतला. जमिनीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो. ऊन-वारा लागला की तो कडक होतो. आमची जातच तशी, उघड्यावर टाका, आम्ही जास्त घट्ट होतो. सुमंगलाचे सासरे सदाशिव यांनी मला बांधले आणि पायथ्याशी ओळीने भोके ठेवली. बघणारे हसले. "चिरे कमी पडले काय रे?" म्हणाले. सदाशिव हातातले काम न थांबवता एवढेच बोलले, "पाण्याक वाट दिल्यार गडगो ऱ्हवतलो." म्हणजे पाण्याला वाट दिली, तर गडगा टिकेल.

तेव्हापासून पावसाळा लागला की माझ्या भोकांतून पाणी झरते. लोक त्यालाच रडणे म्हणतात. त्या पाण्याची एक व्हाळी अंगणाच्या कडेने ओढ्याला जाते. सुमंगला त्या व्हाळीत भांडी घासते, पाय धुते, आणि कंटाळली की माझ्याशी बोलतेही.

माझ्यामागे पूर्वी काजूचा डोंगर होता. मग खाण आली. म्हणीत डोंगर पोखरून उंदीर निघतो. इथे लोखंडाची माती निघाली, ट्रकांत भरून नदीकडे गेली, आणि उरलेला गाळसाळ माझ्या डोक्यावर रचला गेला. त्या ढिगाला इकडे डंप म्हणतात. पुढे खाण बंद पडली, ट्रक गेले, धूळसुद्धा खाली बसली. डंप मात्र कोणी नेला नाही. तेव्हापासून तो मला ढकलतो आणि मी त्याला ढकलतो. आमचे कधी जमले नाही, जमणारही नाही.

सुमंगलाच्या घरातला टीव्ही मला ऐकू येतो. कधी केरळात दरड कोसळते, कधी हिमालयात, कधी नावही ऐकले नाही अशा देशात. बातम्या सांगणारा दरवेळी म्हणतो, डोंगराने घात केला. असा संताप येतो मला! झाडे तोडली कोणी, पाय कापला कोणी, पाण्याची वाट अडवली कोणी? ते विचारायचे सोडून मुक्या डोंगराला नावे ठेवतात. दुरून डोंगर साजरे म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या जागी उभे राहून बघावे.

यंदा सुमंगलाच्या लेकीचे, गौरवीचे लग्न ठरले. वैशाखातली लईराई देवीची जत्रा झाली आणि दारात माटव, म्हणजे मांडव, उभा राहिला. सुमंगलाचा दीर सगुण हा या घरातला कर्ता पुरुष. माणूस प्रेमळ, पण त्याला सगळे झकपक लागते. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि नाक मुरडून म्हणाला, "वैनी, ह्या भोकांतसून जिवाणां येतली. व्याही घाबरतले. बुजवून टाकूया."

जिवाणे म्हणजे साप. आमच्याकडे सापाचे नाव घेत नाहीत. आता खरे सांगायचे तर एक धामण राहायची माझ्यात, पण ती बिचारी उंदरांवर खूश होती. विहिणीवर तिचा डोळा नव्हता.

"आणि पावसाचा पाणी खंयसून जातला?" सुमंगलाने विचारले.

"पावसाक अजून म्हयनो आसा. मागीर बघूया."

मागीर! म्हणजे नंतर. या मुलखात माणसे पाण्यापेक्षा या शब्दात जास्त बुडतात. माझी सगळी भोके सिमेंटने बुजली. वर गिलावा चढला आणि त्यावर गुलाबी रंग. वऱ्हाडी माझ्यापुढे उभे राहून फोटो काढू लागले. 'बरो दिसता' म्हणाले. वरून कीर्तन, आतून तमाशा! मी आतल्या आत नुसता चडफडत होतो.

पाठवणीच्या वेळी सुमंगलाचे डोळे भरले, तर सगुण म्हणाला, "वैनी, लोकांसमोर रडा नकात." तिने ओठ दाबले आणि हसतमुखाने लेकीला निरोप दिला. सगळे गेल्यावर मात्र ती माझ्याकडे आली, माझ्या ओल्या रंगाला कपाळ टेकले आणि पोटभर रडली. मला फार वाईट वाटले. तिच्या कपाळाला गुलाबी रंग लागला, तो तिने तसाच ठेवला.

मग पाऊस आला. आषाढात तर तो थांबेचना. डंपाची माती पाणी पीत होती आणि ते पाणी माझ्या पाठीशी साठत होते. वाट नव्हती. माझे पोट पुढे येऊ लागले. गिलाव्याला आडवी भेग गेली. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो, आणि रडायचे तर तोंडच बंद केलेले!

एका सकाळी सुमंगला भांडी घेऊन मागे आली आणि थबकली. आभाळ फाटले होते, पण व्हाळी कोरडी होती.

"एवढो पाऊस पडता, आणि रडको रडणा कसो नाय?"

सगुण पेजेवर बसला होता. आतूनच म्हणाला, "बरां झाला. आंगण सुका ऱ्हवला."

"बरां न्हय, भावजी. रडणा नाय तो पोटात धरता. माका विचारा!" तिने माझ्या फुगलेल्या पोटावर हात ठेवला आणि तो हात झटकन मागे घेतला. "उठा! विमलाक घेऊन देवळाकडे जावा."

"पेज जेवून मागीर..."

"मागीर नाय! आत्ता!" सुमंगला आवाज चढवणारी बाई नव्हे. सगुणच्या हातातला सुक्या बांगड्याचा तुकडा खाली पडला. विमला, त्याची बायको, तशीच भिजत बाहेर धावली.

सुमंगला मात्र गेली नाही. तिने पहार उचलली आणि माझ्या पायथ्याशी घाव घातला. मागून सगुण धावत आला. त्याने पहार तिच्या हातातून ओढून घेतली आणि तिला बाजूला ढकलले. "मीच बुजवलंय, मीच फोडतंय," म्हणाला. एकेक भोक फुटले आणि तांबडे पाणी पिचकारीसारखे उडाले. वरून डंप सरकू लागला होता. मी चिरा चिऱ्याला आवळून धरला. डंपाला म्हटले, हा माणूस बाजूला होईपर्यंत मी पडणार नाही. काय करायचे ते कर!

सगुण पुढच्या दारी माटवाच्या उरलेल्या खांबापर्यंत पोचला, तेव्हा माझा एक कोपरा गेला. चिखल मागच्या दाराच्या पायरीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. घर राहिले, माणसे राहिली, आणि मीही राहिलो.

माझा कोपरा सगुणने पुन्हा बांधून घेतला. या वेळी भोके त्याने स्वतः सांगून ठेवली, पहिल्यापेक्षा जास्त. गिलावा खरवडून काढला. गणपतीच्या चवथीला गौरवी माहेरी आली आणि म्हणाली, "आई, माझ्या लग्नाचो रंग खंय गेलो?"

"रडान धुतलो त्यानं," सुमंगला म्हणाली.

पण डंप अजून वरच आहे. ज्यांनी तो रचला, त्यांनी तो उतरवावा. मी भिंत आहे, डोंगर नव्हे. सगळ्यांचे पाप मी जन्मभर अडवून धरणार नाही. तोवर मला रडका म्हणा, हवे तेवढे हसा. फक्त माझी भोके बुजवू नका. आणि मित्रांनो, तुमच्याही घरामागे माझ्यासारखा कोणी असेल, तर पावसात त्याच्याकडे बघत जा. तो रडत असेल तर खुशाल पेजेला बसा. तो रडायचा थांबला, तर मात्र पेज तशीच टाका आणि पळा.