दाराबाहेरची घडवंची

मी एक जुनी घडवंची आहे. मित्रांनो, घडवंची म्हणजे चार पायांचं उंच लाकडी स्टूल, चढायला मधे एक पायरी असलेलं. हल्ली माळ्यावरचा डबा काढायचा झाला की लोक खुर्चीवर चढतात आणि मग कंबर शेकत बसतात. असो! माझ्या अंगावर रंगांचे इतके ठिपके आहेत की मूळचं लाकूड शोधावं लागतं. आणि स्वभावाने मी भलती चौकस. सुताराचा रंधा अंगावरून फिरत होता तेव्हाच मला प्रश्न पडला होता, की माझ्यावर उभं कोण राहणार?

उभी राहिली ती पेंटरताई, दुकानांच्या पाट्या रंगवणारी. ती अक्षरं काढायची आणि तिचा धाकटा भाऊ रंग कालवायचा. त्याला सगळे बारक्या म्हणत, पण दारातून आत येताना त्याला वाकावं लागायचं. मला घट्ट धरून तो खालून सांगायचा, निळ्यात अजून थेंबभर काळा हवा, आणि ताई निमूटपणे ऐकायची. लोक थांबून पाट्यांचं कौतुक करत. पाटीवर काय लिहिलंय ते मला मात्र कधीच दिसायचं नाही. मला दिसायचे ताईचे तळपाय. म्हणून मी माणूस पायांवरून ओळखायला शिकले.

मग बारक्याला बरं नाहीसं झालं. ताप नाही, खोकला नाही. कुणी नसताना त्याला आवाज ऐकू येऊ लागले, झोप उडाली, खोलीचं दार लागलं. डॉक्टर म्हणाले, हा मनाचा आजार आहे, औषधाने आटोक्यात येईल, पण वेळ लागेल. अशातच एकदा ताई कामावर असताना तो अनवाणी घराबाहेर पडला. संध्याकाळी बस डेपोत सापडला तेव्हा त्याचे पाय रक्ताळलेले होते.

त्या दिवशी ताईने मला उचललं आणि त्याच्या दाराबाहेर ठेवलं. खरं सांगते, मला आनंदच झाला. नवी जागा, समोर बंद दार, आत काय चाललं असेल? ताई माझ्यावर बसली आणि बसूनच राहिली. त्याचा श्वास ऐकू यावा म्हणून ती स्वतःचा श्वास रोखून धरायची. जेवण कसंतरी उरकायची. डब्यातला ब्रश वाळून लाकडासारखा झाला. बेकरीवाली पाटीचं काम घेऊन आली, तिला ताईने दारातूनच परत पाठवलं. माझ्या पायरीवर टेकलेल्या टाचा गार पडत चालल्या होत्या. ताई दिवसेंदिवस हलकी होत होती, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

बारक्याला बघायला एक नर्सबाई घरी येत. एकदा त्यांनी ताईला विचारलं, तुम्ही कशा आहात?

"काल पोटभर जेवला," ताई म्हणाली.

"त्याचं नाही हो, मी तुमचं विचारतेय."

ताईने बंद दाराकडे कान दिला. मीही कान टवकारून बसले होते. तेवढ्यात आतून बारक्याचा आवाज आला, अडखळत, पण स्पष्ट.

"ताई, ते आवाज सांगतात की बाहेर कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवून आहे. आणि दार उघडलं की खरंच कुणीतरी असतं."

ताई ताडकन उठली. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीसुद्धा चोरून ऐकतच होते ना!

नर्सबाईंनी सुचवलं आणि आत्याला बोलावलं गेलं. आत्या मायेची, पण तोंडाला कुलूप नाही. परत पाठवलेलं पाटीचं काम करायला ताई बेकरीवर गेली खरी, पण मला पहाऱ्याला ठेवून, आणि थोड्याच वेळात परत आली. पाटी उंच होती, हात पोचत नव्हता. ती माझ्यासमोर नुसती उभी राहिली. मला नेलं तर दारावर कुणीच नाही, आणि ठेवलं तर काम नाही. माझा जीव टांगणीला लागला.

"ने गं तिला," आत्या म्हणाली. "मी स्वयंपाकघरात बसते. माझा आवाज गल्लीभर जातो, त्याला सोबत पुरेल."

ताईने मला उचललं. बेकरीसमोर तिचे पाय आधी माझी पायरी चाचपत राहिले, मग हळूहळू स्थिरावले, मग चवड्यांवर उंचावले. किती दिवसांनी! निळ्याचा एक थेंब माझ्यावर पडला आणि मला अगदी नटल्यासारखं वाटलं.

घरी आलो तर खोलीचं दार सताड उघडं, खोली रिकामी. ताईचा हात माझ्यावर असा आवळला की तो अजून आठवतो. मग स्वयंपाकघरातून आत्याची बडबड ऐकू आली. बारक्या तिच्यासमोर जमिनीवर बसून लसूण सोलत होता. म्हणाला, ही गप्पच बसत नाही, शेवटी बाहेर आलो.

मग त्याने माझ्यावरच्या ओल्या ठिपक्यावरून बोट फिरवलं.

"हा निळा फार भडक झालाय, ताई. थेंबभर काळा हवा होता."

ताई त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली आणि रडत रडत हसली.

बारक्या बरा झाला असं नाही, मित्रांनो. वाईट दिवस अजून येतात. पण आता आत्या येते, मावसभाऊ येतो. ताई कामावर जाते, दुपारची चक्क घोरते. माझी जागा आता बाहेरच्या दाराशी, ब्रशांच्या शेजारी आहे.

तुमच्या घरी कुणाचं मन आजारी असेल तर त्याला जरूर जपा. पण त्याला जपणाऱ्यालाही विचारा, तू कशी आहेस? उत्तरात दुसऱ्याचीच खबर मिळाली, तर पुन्हा विचारा.

बेकरीच्या पाटीवर काय लिहिलंय, ते मला अजून ठाऊक नाही. पण बारक्याने ताईला सांगितलंय की तो निळा रंग उन्हात बघायला तो एक दिवस येणार आहे आणि त्या दिवशी मला तोच उचलणार आहे. मी वाट बघतेय.