बरोबर एकोणिसाव्या मिनिटाला

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. वय म्हणाल तर चारच वर्षं, पण आम्हाला म्हातारपण लवकर गाठतं. सध्या मी इंटरनेट कंपनीच्या गोदामात, सगळ्यात वरच्या फळीवर, एका खोक्यात पडून आहे. तारा नाहीत, दिवे नाहीत. बोलायला तुमच्याशिवाय कोणी नाही.

कारखान्यातून निघालो तो मी थेट एका निवृत्त घड्याळजींच्या घरी आलो. घरात ते एकटेच. लेक दूरदेशी. दर रविवारी चार वाजता तिचा व्हिडिओ कॉल येई. साडेतीनलाच घड्याळजी धुतलेला सदरा घालून बसत आणि माझ्यावरची धूळ पुसत. "आज नीट चाल बरं का," असं मला बजावत. तीन वर्षं मी त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. त्याचा मला थोडा गर्वही होता.

मग कंपनीने माझ्यासारख्या हजारो मोडेमांना नवं फर्मवेअर पाठवलं. फर्मवेअर म्हणजे आम्ही कसं वागायचं ते सांगणारी आतली आज्ञावली. ती घाईगडबडीत केलेली होती. काहीही सलग एकोणीस मिनिटं चाललं, की मी अचानक बंद पडून नव्याने सुरू होई. तपासायला जावं तर दिवे हिरवेगार.

त्या रविवारी लेक म्हणाली, "बाबा, घराला कुलूप लावा आणि इकडे राहायला या. किती दिवस असं एकटं राहणार?"

"पुन्हा तेच? मला नाही यायचं," घड्याळजी म्हणाले. नेमका तेव्हाच मी बंद पडलो.

बापाला वाटलं, मुलीने रागाने फोन ठेवला. मुलीला वाटलं, बापाने ठेवला. पुढच्या रविवारीही तेच झालं. दोघं एकाच मातीची, परत फोन कोणीच लावला नाही. त्यानंतरचे दोन रविवार घड्याळजी धुतलेला सदरा घालून नुसते बसून राहिले. दोष माझा होता आणि मला ब्रही काढता येत नव्हता. मला फार वाईट वाटलं.

एका सकाळी ते इंटरनेटवर जुनी गाणी ऐकत होते. गाणं अडलं. काही वेळाने पुन्हा अडलं. घड्याळजींनी कान टवकारले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घड्याळांच्या चुका मोजलेला माणूस तो. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी माझ्याजवळ ठेवलं आणि दुपारपर्यंत वहीत आकडे मांडले. मग मोबाइलमधले ते दोन कॉल पाहिले. दोन्ही एकोणीस मिनिटांचे.

मग वार न बघता त्यांनी लेकीला फोन लावला.

"पोरी, तू फोन ठेवला नव्हतास ना? दोन्ही वेळा तो बरोबर एकोणिसाव्या मिनिटाला तुटला. रागावलेलं माणूस इतकं घड्याळ बघून फोन ठेवत नाही गं."

ती आधी हसली, मग रडली. "मला वाटलं, तुम्हीच ठेवलात."

"आता ऐक. अठराव्या मिनिटाला मी ठेवीन आणि लगेच परत लावीन."

त्या दिवशी बापलेक असे पाच वेळा बोलले. मी एकदाही मध्ये आलो नाही.

चार दिवसांनी कंपनीचा तंत्रज्ञ आला. "काका, दिवे तर हिरवे आहेत," म्हणाला. घड्याळजींनी वही पुढे केली, तेव्हा त्याने मुकाट्याने नवा मोडेम बसवला. मला त्याच्या हाती देण्याआधी घड्याळजींनी माझ्यावर कापड फिरवलं आणि दुकानात प्रत्येक घड्याळाला लावायचे तशी एक चिठ्ठी माझ्या पाठीला चिकटवली. 'यंत्र चांगलं आहे. चाल चुकते. दुरुस्त करावं, फेकू नये.'

पुढे कंपनीने सुधारलेलं फर्मवेअर पाठवलं म्हणे. पण ते मिळायला तारेला जोडलेलं असावं लागतं. घड्याळजी लेकीकडे गेले की नाही, मला माहीत नाही. इथे रविवार कधी येतो, तेही कळत नाही.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. बोलता बोलता फोन तुटला, तर समोरच्याने ठेवला असं धरून बसू नका. एकदा परत लावून बघा. आणि कधी या गोदामात आलात, तर माझ्या पाठीवरची चिठ्ठी वाचा. अजून ती कोणी वाचलेली नाही.