चावी बंद होती

"यंत्रावरचा धोक्याचा दिवा लागला होता, नाही म्हणत नाही मी. पण बिघाड यंत्रातच होता!" उशीला टेकून बसलेले बाबा ठासून म्हणाले. "मिस्त्रीनं यंत्र धड जोडलंच नव्हतं. साहेबांना तसं स्पष्ट सांगितलंय मी."

इस्पितळातल्या खाटेशी बसलेली लेक ऐकत होती.

बाप-लेक दोघंही पाणबुडे. पाण्याने भरलेल्या जुन्या खाणींत उतरून पाहणी करणाऱ्या पथकात ते बरोबरीने काम करत. अर्ध्याअधिक पथकाला बाबांनीच तयार केलेलं. त्यांच्या पाठीवरचं रिब्रीदर म्हणजे सोडलेलाच श्वास शुद्ध करून परत देणारं यंत्र. शरीराने वापरलेला ऑक्सिजन एका लहान बाटलीतून भरून निघतो. त्या बाटलीची चावी बंद राहिली, तर माणूस गुदमरत नाही, धडपडत नाही. बसल्या जागी डुलकी लागावी तसा बेशुद्ध होतो. म्हणून उतरण्याआधी काठावर बसून थोडा वेळ यंत्रातूनच श्वास घेऊन पाहायचा, हा बाबांचाच दंडक.

त्या सकाळी मात्र "तपासलं ना, बाबा?" असं तिने विचारलं, तेव्हा "मला शिकवतेस होय गं?" म्हणून ते हसले होते. तीही हसली होती.

खाली गेल्यावर त्यांचा हात कपारीवरून सुटला. तिने त्यांना धरलं, पाठीमागे चाचपलं, तर चावी बंद. तिने ती उघडली, यंत्रात ऑक्सिजन सोडला आणि त्यांना कवटाळून वर आणलं. नंतर ज्यांनी ज्यांनी यंत्र पाहिलं, त्यांना चावी उघडीच दिसली.

"मिस्त्रीकाकांना कामावरून काढताहेत," ती म्हणाली.

"मग काय हार घालू त्याला? जीव गेला असता माझा!"

"चावी बंद होती, बाबा. मी उघडली."

"खडकाला घासून फिरली असेल."

"पूर्ण बंद होती. उघडताना जोर लावावा लागला मला."

"घाबरली होतीस तू."

"होते. म्हणूनच विसरणार नाही."

"अगं, रोज उघडतो मी!"

"रोज उघडता. त्या दिवशी नाही."

त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. मग पडेल आवाजात म्हणाले, "आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही पुन्हा बोलायला लागला होतात. नुसतं ऐकत बसावंसं वाटत होतं."

घरी सोडलं त्या दिवशी बाबांनी गाडी आधी कचेरीकडे घ्यायला लावली. साहेबांच्या खोलीत ते एकटेच गेले. बाहेर येऊन त्यांनी मागचं दार ओढून घेतलं.

"मिस्त्री राहतोय," ते म्हणाले. "माझं पाण्यात उतरणं संपलं."

तिने त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. दोघं मागच्या कारखान्यात गेली. मिस्त्री बाकावर बसला होता, समोर तेच यंत्र सुटं करून मांडलेलं. बाबांना पाहून तो उठला नाही.

"माझीच चूक रे," बाबा दारातूनच म्हणाले. "यंत्रात काही नव्हतं."

मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"रोज खोलतोय ते," अखेरीस तो म्हणाला. "म्हटलं, माझ्या हातून काय राहिलं?"

बाबा उंबऱ्याशीच उभे राहिले. मग मिस्त्रीने बाकावरची हत्यारं गोळा केली आणि एका माणसापुरती जागा केली.