कोपऱ्याची कडी

आमच्यात नवरा गेला की बाईने वर्षभर कोपरा धरायचा. अंधाऱ्या खोलीत बसायचं, कुणाला तोंड दाखवायचं नाही. पण त्या खोलीला बाहेरून कडी घालतात, हे मी कुठे ऐकलं नव्हतं. माझ्या धाकट्या जावेच्या, जमनाच्या खोलीला ती घातली. घालणारे आमचे हे.

साल एकोणीसशे सत्तावन्न. तापीच्या वाळूतल्या टरबुजांच्या वाडीवरून पल्याडच्या गावाशी आमचं हाडवैर. त्याच वाडीत जमनाचा नवरा, चुनीलाल, कुऱ्हाडीच्या घावाने मेला. पल्याडच्या धुडकूला बेड्या पडल्या आणि आमच्या गावात लाठ्यांना तेल लागलं. खरं काय ते जमनाने पाहिलं होतं. भाकर घेऊन तीच वाडीत गेली होती ना! ताट आत सरकवताना तिने मला सांगितलं: कुऱ्हाड यांच्याच हातात होती.

"आज फौजदार येई ऱ्हायना," हे जेवता जेवता म्हणाले. "ती बोलनी ते हिर काही दूर नही शे."

फौजदार येतोय, ती बोलली तर विहीर काही लांब नाही, एवढं बजावून माझ्याकडे ताक मागितलं. मेल्याच्या घशाखाली घास तरी कसा उतरला!

दुपारी फौजदार ओट्यावर बसला. सगळे पुरुष तिकडे गेले. कडी काढली तर यांना फाशी, म्हणजे पुढचा कोपरा माझा. नाही काढली तर जमना जाणार, धुडकूही जाणार. देवा, मी काय करू? रडत रडतच मी कडी काढली.

जमना हनुवटीपर्यंत पदर ओढून ओट्यावर आली. सगळे ताडकन उभे राहिले.

"धुडकूनी नही मारं," ती म्हणाली.

"मग कोणी मारलं?" फौजदाराने विचारलं.

तिथेच गाडं अडलं. जेठाचं, थोरल्या दिराचं नाव घेणं सोडाच, त्याच्यासमोर तिने आजवर आवाजही काढला नव्हता.

"दुखमा येडी व्हई गयी," सासरे म्हणाले. "मझार लई जा तिले."

तिला आत न्यायला यांनी पुढे होऊन तिचा दंड धरला. कोपऱ्याच्या उघड्या दाराकडे पाहिलं, मग उंबऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मला मागच्या दारची विहीर दिसली.

लग्न झाल्यापासून जे नाव मी एकदाही ओठांवर आणलं नव्हतं, ते फौजदाराकडे बघून मोठ्याने घेतलं.

"सुकलाल."