बोळात मिटणारी लाल छत्री

मी एक जुनी लाल छत्री आहे, मित्रांनो. ल्यों शहरातल्या एका कारागिराने माझ्यावर इथलेच रेशीम ताणले आणि मला अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसवली. इतर छत्र्या पावसात उघडतात. मी कोरड्या दिवशीही उघडी असते, कारण माझी मालकीण ओदील लोकांना पायी शहर दाखवते आणि तिचे लोक माझ्याकडे बघत चालतात. पूर्वी माझे फोटो काढत. पुढे शिवण उसवली, काडी मोडली, तेव्हा काही महिने मी खुंटीवरही काढले; मग काडी नवी आली, शिवण तशीच राहिली.

आमच्या टेकडीवर घरांच्या पोटातून बोळ जातात. जुने विणकर त्यांतून रेशमाचे तागे कोरडे नेत. दिवसा दार नुसते ढकलले की उघडते, संध्याकाळी कुलूप. रात्री आम्ही बाहेरूनच फिरतो. उजळलेल्या खिडक्यांआड कोण काय जेवत असेल, कोण कोणाशी भांडत असेल, या विचाराने मला चैन पडत नाही. स्वभावच चौकस, त्याला काय करणार?

सर्वांत लांब बोळाच्या चौकात पेराशोंबाई राहतात. विणकराची लेक, वय एक्याऐंशी. एकदा त्यांनी ओदीलला गाठले.

"तुझी माणसं माझ्या खिडकीखाली आवाज घुमवून बघतात. माझं घर आहे ते, विहीर नाही."

त्यांनी इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांची सभा भरवून रस्त्याच्या दाराला दिवसाही कुलूप घालायला लावले. तो बोळ गेला तर आमच्या फेरीत राम उरत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी पावसात ओदीलच्या माणसांसह आम्ही तिथून चाललो होतो. कुलूपबंद दारासमोर पेराशोंबाई उभ्या, काखेत पाव, नखशिखान्त भिजलेल्या.

"किल्ली?" ओदीलने मला त्यांच्या डोक्यावर धरले.

"टेबलावर. जन्मात कधी दिवसा किल्ली घेऊन निघालेय का मी? हसू नकोस."

"मी कुठे हसतेय? चला, शेजारच्या बोळातून तुमच्या चौकात उघडणारं मागचं दार आहे."

"ते अजून उघडतं? मग तुझी माणसं तिथून का नाही आणलीस?"

"तुम्ही नको म्हणालात ना, बाई."

ओदीलने मला मिटले आणि आम्ही सगळे शेजारच्या घरात शिरलो. इतकी वर्षे शेजारी राहून बाईंनी तो चौक पाहिला नव्हता. मान वर करून त्या मोठ्याने म्हणाल्या, "अगं, हा जिना तर बघ!"

जिना, जिना, असे चौक म्हणाला. वरची खिडकी उघडली.

"हळू हो. बाळ आत्ताच झोपलंय."

आमच्यापैकी दुसऱ्या कोणी चकार शब्द काढला नव्हता. बाईंचे कान लाल झाले.

त्या आठवड्यातच दिवसाचे कुलूप निघाले. बाईंनी माझी उसवलेली शिवण स्वतः घातली, इतकी बारीक की मलाही सापडत नाही. मला परत देताना त्या ओदीलला म्हणाल्या, "आण तुझी माणसं. पण छत्रीसारखं मिटून यायचं. आणि आज मीही येणार आहे, खालचे बोळ राहिलेत माझे बघायचे."

मित्रांनो, जुन्या गावात खूप चाला, दिवसा चाला, रात्री चाला, प्रत्येक दाराबद्दल कुतूहल बाळगा. मिरवायला सारा रस्ता आहे. कोणाच्या दारातून आत जाताना मात्र मी मिटते, तसे मिटा.